बाईंचे ससे आणि फोरमनचं चुंबक

साल एकोणीसशे पासष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो. जबलपुरातल्या एका सरकारी कारखान्याच्या ढलाईखान्यात, लोखंड वितळवून ओततात तिथं, भंगार फोडायच्या कामावर होतो. कोणता कारखाना ते लिहीत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. शिक्षण चौथी. पाचवीत बसवलं होतं, पण मास्तरांचं नि माझं जमलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी यकृतातल्या पेशींबद्दल लिहीन तेव्हा कोणी भुवया चढवायला नको. मी जे लिहीन ते स्वतःच्या डोळ्यानं पाहिलेलं आहे. ज्यांनी पाहिलं नाही, आणि पाहा म्हटलं तर मान फिरवली, त्यांच्यावर माझा राग आहे. साठ वर्षं झाली, तो काही उतरला नाही.

गेल्या महिन्यात तो पुन्हा भडकला. मुलगी मला रक्तदाब दाखवायला कारखान्याच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथं भिंत नवी रंगवलेली, आणि तिच्यावर आजवरच्या सगळ्या डॉक्टरांचे फोटो ओळीनं लावलेले. मी काठी टेकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. आमच्या बाईंचा फोटो नाही. खिडकीतल्या पोराला विचारलं.

“दादा, उस ज़माने में कोई लेडी डॉक्टर यहाँ थीं ही नहीं।”

थीं ही नहीं! अरे, ज्या भिंतीला तू टेकून बसून राहिला ना, तिच्या पलीकडच्या व्हरांड्यात त्यांच्या सशांच्या पेट्या होत्या! मी आवाज चढवला. मुलगी दंडाला धरून म्हणाली, “बाबा, चलो ना, लोग देख रहे हैं.” “देखने दो,” म्हटलं. त्या दिवशी रक्तदाब जास्त निघाला. निघणारच.

तर बाई. नाव लिहीत नाही. त्यांना ‘मॅडम’ म्हटलेलं खपत नसे आणि ‘डॉक्टरसाहेब’ म्हटलं तर मागं वळून बघायच्या, कोण साहेब आला म्हणून. माणूस नागपूरकडचा, लग्न केलेलं नाही, पायात पुरुषी बूट, नऊवारी की पाचवारी याचा पत्ता लागू नये अशी खोचलेली साडी. काम दोन्हीकडचं : रक्त-लघवी तपासायची खोली त्यांच्याकडे, आणि बायकांचा वॉर्डही त्यांच्याकडे.

रामराम-नमस्कार ही भानगड त्यांच्याजवळ नव्हती. समोर माणूस आला की अंगठ्यानं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढायची आणि आत लाली किती ते बघायचं. मग बोलणं. रस्त्यात, बाजारात, कुठंही. आमच्या मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत त्यांनी अशा किती बायकांच्या पापण्या ओढल्या त्याला हिशोब नाही. मोठ्या साहेबांची बायको चांदीचं ताट घेऊन आरतीला उभी, तर तिचीही ओढली. “तुम्ही पांढऱ्या पडून राहिल्या हो, पावडरीनं नाही, आतून.” एकदा ग्वारीघाटला नावेत बसल्या आणि भर नर्मदेत नावाड्याची पापणी ओढली. तो वल्हं सोडून ओरडला, “माताजी, डूब जाएँगे!” बाई म्हणाल्या, “नहीं डूबेंगे. पहले जुबान दिखाओ.”

दुसरं वेड सशांचं. व्हरांड्यात बंदुकीच्या गोळ्यांच्या रद्द झालेल्या लाकडी पेट्या, पेटीला जाळी, आणि आत ससे. प्रत्येकाला हुद्द्याचं नाव. एक मॅनेजर, एक डेप्युटी, एक ओव्हरसियर. सर्वांत जाडा, कान पडलेला आणि विनाकारण पाय आपटणारा, तो फोरमन. त्या सशांच्या कानाच्या शिरेत बाई लोखंडाचं औषध टोचत, आणि ठरवलेल्या वेळी ससा कापून त्याचं यकृत तपासत. ज्या दिवशी ससा कापला त्या दिवशी बाई जेवत नसत. हे लोकांना माहीत नव्हतं. लोकांना एवढंच माहीत होतं की डॉक्टरीणबाई सकाळी चपराशाला सांगतात, “आज डेप्युटीचं यकृत काढायचं आहे, पाणी गरम ठेव.”

आमच्या खऱ्या फोरमनच्या कानावर हे गेलंच होतं. मोठा देह, मिशा, हातात सदा चुंबक. ते चुंबक काय ते सांगायला पाहिजे. आमच्याकडे भंगार यायचं ते सगळं मिसळलेलं, लोखंड, पितळ, जस्त, सगळं. घोड्याच्या नालाच्या आकाराचं चुंबक लावायचं. चिकटलं तर लोखंडाच्या ढिगात, नाही चिकटलं तर दुसरीकडे. वाद नाही, तपास नाही. फोरमन म्हणायचा, “आदमी झूठ बोलता है, चुंबक नहीं बोलता।” आमच्या खात्यात ते खरंही होतं. म्हणूनच त्याचं डोकं चढलं होतं.

बाईंचं आणि त्याचं पहिलं वाजलं आदल्या वर्षीच्या विश्वकर्मा पूजेला. शॉपमध्ये सगळी हत्यारं मांडलेली, झेंडूची फुलं, नारळ. बाई आपली खुर्दबीन, म्हणजे सूक्ष्मदर्शक, कडेवर घेऊन आल्या, पोर घ्यावं तशी, आणि घण नि कानशीच्या मधे ठेवून दिली. फोरमन म्हणाला, “बाईजी, ये शॉप का औज़ार नहीं है।” “मग काय खेळणं आहे?” म्हणाल्या आणि स्वतःच तिला हळदकुंकू वाहिलं. आम्ही हसलो. फोरमन हसला नाही.

आता माझी गोष्ट. माझी बायको कमल. पहिलं बाळंतपण अंगात रक्त नाही म्हणून वाया गेलं होतं. पोरगं गेलं, ती कशीबशी राहिली. आता दुसऱ्यांदा दिवस गेले, सातवा लागला, आणि ओठ पुन्हा पिठासारखे. बाईंनी पापणी ओढली आणि माझ्याकडे बघितलं. “काहून रे, आतापर्यंत झोपला होता काय?” त्याच दिवशी वॉर्डात ठेवून घेतलं.

लोखंडाची इंजेक्शनं सुरू झाली. कमरेखाली, खोल. औषध बघून मी चरकलो. काळपट तांबूस, आमच्या खात्याच्या नालीतून वाहतं त्या गंजाच्या पाण्यासारखं. टोचल्या जागी कातडीवर डाग पडायचा. कमल म्हणाली, “अहो, मला भंगार भरून राहिले काय हे?” मी सरळ बाईंच्या खोलीत गेलो आणि विचारलं, हे जातं कुठं? मला न सांगता माझ्या बायकोच्या अंगात काही घालायचं नाही.

दुसरा डॉक्टर असता तर हाकलून दिलं असतं. बाई खूश झाल्या. “बस. हात मागं ठेव. एक डोळा मीट.”

काचेवर सशाच्या यकृताचा चकतीसारखा काप होता, कागदाहून पातळ. त्याच्यावर त्यांनी पिवळ्या खड्यांचं पाणी आणि जरासं तेजाब टाकलेलं. लोखंड असेल तिथं निळं होतं, म्हणाल्या. मी बघितलं. गुलाबी रंगाच्या विटा रचल्यासारख्या, विटांच्या मधून बारीक गल्ल्या, आणि गल्ल्यांच्या कडेला निळे ठिपके. असं निळं मी फक्त मोराच्या गळ्यावर बघितलंय.

“त्या गल्ल्या रक्ताच्या,” बाई सांगू लागल्या. “आणि भिंतीला चिकटून हातपाय पसरून बसल्या आहेत ना, त्या पहारेकरी पेशी. रक्तातून काही उपरं आलं, जंतू, मेलेली रक्तपेशी, माझ्या औषधाचा कण, की त्या कवेत घेतात आणि गिळतात. कमरेत टोचलं तरी फिरत फिरत पुष्कळसं इथंच येऊन पडतं.”

“गिळून करतात काय?”

“तुम्ही भंगाराचं करता तेच. पेशीच्या पोटात तेजाबाची पिशवी असते. माझ्या कणावर साखरेचं वेष्टन आहे, ते तिथं सोललं जातं. आतलं लोखंड सुटतं. पण उघडं लोखंड पेशीलाच जाळेल, म्हणून ती ते बारीक बारीक डब्यांत भरून ठेवते. मागणी आली की एकेक कण बाहेर. रक्तात त्याचे हमाल असतात, ते पाठीवर घेऊन हाडांच्या मगजात पोचवतात. नवं रक्त तिथं बनतं.”

मी म्हटलं, “म्हणजे आमचंच खातं.”

“तुमच्यापेक्षा बरं. तिथं चोरी होत नाही.”

दुसऱ्या काचा दाखवल्या. टोचल्याबरोबर कापलेल्या सशाची, नुसती निळी धूळ कडेकडेला. त्याच्या नंतरची, पेशींच्या पोटात निळे गोळे. फार नंतरची, निळं विरत चाललेलं, कारण माल बाहेर गेला. मी चौथी पास माणूस, पण एवढं दाखवल्यावर न समजायला दगडच पाहिजे. असे दगड आमच्याकडे पुष्कळ होते, ते पुढं कळलं.

कारण कमलचं रक्त वाढेना. इंजेक्शनं होत होती, आणि बाई रक्त तपासून मान हलवत होत्या. ओठ तेच पिठासारखे. संध्याकाळी अंग जरा कोमट लागायचं. तेवढ्यात पाकिस्तानशी लढाई पेटली होती, डबल शिफ्ट, रात्री दिवे बंद, जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघणारा. वॉर्डात कुजबुज सुरू झाली. ही बाई सशांना टोचते तेच आपल्या बायकांना टोचते. सशांवर झालं, आता आपल्यावर. कोणी म्हणे रंगीत पाणी आहे, कोणी म्हणे विष आहे. दोन्ही एकाच वेळी कसं असेल हे कोणी विचारलं नाही.

मी बाईंना विचारलं. त्या चिडल्या, माझ्यावर नाही, कमलच्या रक्तावर. “लोखंड आत आहे रे. फाटक बंद आहे. आता लढाई चालू आहे तर तुमच्या कारखान्यातून खिळा तरी बाहेर जाऊन राहिला काय? नाही ना? अंगात कुठं जंतूंशी लढाई लागली की या पेशी तसंच करतात. लोखंड आत दाबून ठेवतात, कारण जंतूंनाही ते लागतं. तिला कुठंतरी जंतू लागला आहे. तो सापडला की फाटक उघडतं. मला चार दिवस शोधू दे, छाती, दात, लघवी, एकेक करून.”

ते दिवस त्यांना कोणी मिळू दिले नाहीत.

दुपारी भेटायची वेळ होती. मी कमलच्या खाटेशी बसलो होतो. फोरमन आला. कामगारांच्या भल्याची जी समिती होती तिचा तो अध्यक्ष. मागं दोन माणसं, आणि त्यांच्या मागं दवाखान्याचे मोठे डॉक्टर, हात पाठीशी बांधून, आपला काही संबंध नाही असे. फोरमननं खिशातून फडकं काढलं, फडक्यातून चुंबक. आमच्या खात्यातलं, मी रोज वापरतो तेच.

“सुना है लोहा जिगर में रहता है. अभी देख लेते हैं।”

आणि ते चुंबक त्यानं माझ्या बायकोच्या पोटाला लावलं. उजवीकडे, बरगड्यांच्या खाली, यकृत असतं तिथं, लुगड्यावरून. सात महिन्यांची बाई, तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी त्याचं मनगट धरलं. फोरमनचं मनगट, लढाईच्या काळात!

“साहेब, चुंबक खात्याचं आहे. बायको माझी आहे. हात काढा.”

त्यानं हात काढला, पण चुंबक सोडून दिलं. ते घसरून खाटेवर पडलं. “देखा सबने? कुछ नहीं पकड़ा. चुंबक झूठ नहीं बोलता. रंगीन पानी है।” मोठे डॉक्टर, एवढे शिकलेले, गप्प! यांना माहीत नव्हतं? होतं. तरी गप्प. राग मला फोरमनचा आहे तेवढाच त्यांचाही आहे, उलट कणभर जास्त.

बाई दारात होत्या. एका हाताखाली ससा, तो जाडा, त्याच्या पेटीची जाळी बदलत होत्या. तशाच आत आल्या. खाटेवरचं चुंबक उचललं आणि दुसऱ्या कोणाला कळायच्या आत फोरमनच्या गालाला लावलं.

“चिपका?”

“ये क्या…”

“नहीं चिपका. आपके खून में भी लोहा है, भैया. नहीं होता तो आप खड़े नहीं रहते। मग काय, तुम्ही मेलेले आहात? अहो, पालकाला लावून बघा, मेथीला लावून बघा. भंगाराचा तुकडा आणि पेशीतला कण यात फरक आहे. हा कण चुंबकाला नाही दिसत, मला काचेवर निळा दिसतो. चला खोलीत, दाखवते. आत्ता, सगळ्यांना.”

आणि इथं तमाशा झाला. पलीकडच्या खाटेवरची बाळंतीण, बरेलाची की कुठली, भोळी बाई, तिला ससा दिसला. तिनं मोठ्यानं विचारलं, “बाईजी, यही फोरमन है ना?”

सबंध वॉर्ड हसला. खोकणाऱ्या हसल्या, टाके घातलेल्या पोट धरून हसल्या. कमलही हसली, भिंतीकडे तोंड करून. सशानं पाय आपटला. फोरमनच्या गालावर चुंबकाचा लाल ठसा, आणि मोठ्या डॉक्टरांच्या ओठाचा कोपराही हलला.

खोलीत कोणी गेलं नाही. काच तिथंच राहिली, निळी.

लोक म्हणतात बाईंना प्रयोग भोवले. खोटं आहे. बाईंना त्या हसण्यानं घालवलं. सशांना साहेबांची नावं, वरिष्ठांचा अपमान, लढाईच्या काळात कामगारांत असंतोष, असं काय काय लिहून वर गेलं आणि लगेच हुकूम खाली आला. बदली, दूर कुठंतरी. तोवर वॉर्डात पाय ठेवायचा नाही. यकृताचं, लोखंडाचं, औषधाचं त्यात अक्षर नव्हतं. कमलला त्याच दुपारी घरी पाठवलं. “घर पे आराम करे,” मोठे डॉक्टर म्हणाले. आराम! पहिल्या वेळीही हेच सांगितलं होतं.

फोरमननं मला शॉपमध्ये बोलावलं. माझ्या हाताकडे बघत होता. “कल सुबह पहला भोंगा, तू गेट पे. नागा किया तो समझ ले, लड़ाई चल रही है, सीधा बाहर।”

मी संध्याकाळी बाईंच्या क्वार्टरवर गेलो. ट्रंका भरलेल्या. ससे दवाखान्यातून आणून इथल्या व्हरांड्यात ठेवलेले, त्यांच्या पेट्यांत. मी म्हटलं, “बाई, आता हिचं काय?”

त्यांनी पापणी ओढली, माझी. मग म्हणाल्या, “दवाखान्यात मनाई आहे. माझ्या व्हरांड्यात कोण मनाई करणार? उद्या सकाळी पहिली लघवी बाटलीत धरून तिला इथं घेऊन ये. खुर्दबीन शेवटी बांधीन. माझी गाडी दुपारची आहे. उशीर करू नको.”

“सकाळी भोंगा आहे, बाई.”

“आहे खरा,” म्हणाल्या आणि ट्रंकेचं कुलूप लावायला लागल्या. आग्रह नाही, काही नाही.

पुढचं सगळं सांगून टाकतो, मग ती सकाळ. मला घरी बसवलं, पण लढाईला माणसं कमी पडली तेव्हा त्याच फोरमननं परत बोलावलं. कमलचा ताप उतरला. मग मी रोज तिची पापणी ओढून बघायचो आणि एक दिवस आत जास्वंदीसारखी लाली दिसली. तेव्हा पोटात होती तीच मुलगी मला गेल्या महिन्यात दंडाला धरून “चलो” म्हणत होती. आता मी नातवांच्या पापण्या ओढतो, ती पोरं ओरडतात, “आजोबा, क्या कर रहे हो!” बाई कुठं गेल्या, पुढं त्यांचं काय झालं, मला कळलं नाही. विचारायला गेलो तर दवाखान्यात कोणाला ठाऊक नसायचं, आणि आता तर म्हणतात, थीं ही नहीं. भिंतीवर त्या मोठ्या डॉक्टरांचा फोटो आहे, हार घातलेला. हात पाठीशीच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलच्या कॅरियरवर गोधडी घडी करून बांधली. कमलला बसवलं. तिच्या मांडीवर बाटली, बाटलीवर पदर. पहिला भोंगा झाला आणि सगळा रस्ता सायकलींनी भरला. अख्खी शिफ्ट गेटकडे चालली, आणि मी एकटा त्यांच्या तोंडासमोरून उलटा. “अरे, गेट उधर है!” कोणी ओरडलं. मी घंटी वाजवली. फोरमनची मोटारसायकल आली, त्यानं वेग कमी केला, मला बघितलं, कमलला बघितलं. मी पुन्हा घंटी वाजवली, गरज नसताना. कमल पाठीमागून म्हणाली, “हळू चालवा हो, सांडेल.”

बाई व्हरांड्यात उभ्याच होत्या. बाटली घेतली, उन्हाकडे धरली. “गढूळ आहे,” म्हणाल्या, आणि तिला घेऊन आत गेल्या. जरा वेळानं आतून आवाज आला, “सापडला रे! पू आहे, जंतू आहेत. मूत्रपिंडाला लागलंय. औषध देते, पुरतं संपवायचं.”

मी बाहेर पायरीवर बसलो होतो. समोर जाड्या सशाची पेटी होती, त्याला सकाळचं कोणी घातलेलं नव्हतं. अंगणातून मूठभर गवत उपटलं आणि जाळीतून एकेक काडी आत देत राहिलो. दुसरा भोंगा झाला. सशानं पाय आपटला. मी त्याला पुढची काडी दिली.